बालहक्क शिकवताना: ताई-दादा, शिक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलामुलींबरोबर बालहक्कांची सत्रं घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. शिक्षक, एनएसएसची पोरं, वाचनालयाचे कार्यकर्ते, अंगणवाडी ताई हे सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. उदाहरणं बरीचशी ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतली, म्हणजे बीड आणि आसपासच्या पट्ट्यातली आहेत. बालहक्कांची खरी परीक्षा तिथे होते.

सुरुवात कलमं वाचून करायची का?

नको. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत ५४ कलमं आहेत. ती ओळीने वाचायला घेतलीत तर तिसऱ्या कलमापाशीच मागचा बाक खिडकीबाहेर बघायला लागेल. त्यापेक्षा फळ्यावर एकच प्रश्न लिहा: "तुमच्याबद्दलचा कोणता निर्णय अलीकडे तुम्हाला न विचारता झाला?" उत्तरं चिठ्ठीवर मागा, नावं लिहायला लावू नका.

चिठ्ठ्यांत सगळं येतं. मोबाइल काढून घेतला. सायन्स नको होतं, घ्यायला लावलं. दिवाळीनंतर कोयत्यावर (ऊसतोडीला) जायचंय. ताईला बघायला आले, ती दहावीत आहे. आता मुलांनाच या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला सांगा. पहिल्या गठ्ठ्यात पटत नसलं तरी आईवडिलांच्या अधिकारातल्या गोष्टी. दुसऱ्यात निदान विचारायला तरी हवं होतं अशा. आणि तिसऱ्यात, मी स्वतः 'हो' म्हटलं तरी कुणाला करता येणार नाहीत अशा गोष्टी.

वाद तिसऱ्या गठ्ठ्यावरून होतो. तो होऊ द्या. "पण ती लग्नाला तयार होती ना," असं कुणीतरी म्हणतंच. सोळा वर्षांच्या मुलीच्या होकाराने लग्न कायदेशीर ठरत नाही, हे अशा वादातून कळलं की डोक्यात राहतं. मोबाइल बहुधा पहिल्या गठ्ठ्यात जातो आणि वर्ग नाराज होतो. ते ठीकच आहे. मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला वळण लावण्याचा आईवडिलांचा अधिकार संहितेच्या कलम ५ मध्येच मान्य केलेला आहे.

हक्क म्हणजे काय, हे आठवीतल्या मुलाला थोडक्यात कसं सांगायचं?

तीन प्रश्नांत. हे मला कुणी द्यायचं? नाही दिलं तर मी कुणाकडे जायचं? तिथे गेल्यावर काय व्हायला हवं? या तिन्हींची उत्तरं मुलाला माहीत नसतील, तर त्याने फक्त सुविचार पाठ केला असं समजा.

उदाहरण घ्या. एक मुलगा फेब्रुवारीत कारखान्यावरून गावात परत आला. जवळ दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही. शाळा म्हणते, जूनमध्ये या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणाने तो नाकारता येत नाही. वयाप्रमाणे इयत्ता द्यायची आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याची सोयही करायची. हे सगळं करायचं मुख्याध्यापकांनी. त्यांनी नाही केलं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मुलांना ही माणसं त्यांच्या तालुक्यात कुठे बसतात तेही दाखवा. पंचायत समितीची इमारत बाहेरून पाहिलेली असते, आत कुणी गेलेलं नसतं.

हक्क शिकवले तर मुलं डोक्यावर बसतील. आधी कर्तव्यं का नाही शिकवत?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो. बहुतेक वेळा पालक सभेच्या शेवटी, मागून, आणि त्यावर हशाही पिकतो.

कर्तव्याचीच भाषा हवी असेल तर राज्यघटनेपासून सुरू करू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी एकदमच आणल्या. कलम २१-अ ने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. आणि मूलभूत कर्तव्यांच्या यादीत एक नवं कर्तव्य आलं: त्याच वयाच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी द्यायची. हे कर्तव्य पालकाचं आहे. मुलाच्या हक्कासमोर जे कर्तव्य उभं असतं ते मोठ्या माणसाचं असतं, हे सभेत शांतपणे सांगा. हशा थांबतो.

दुसरं म्हणजे, ज्यांना आपण कर्तव्य शिकवायला निघालो, ती मुलं काय करत असतात ते तरी बघा. ऊसतोडीच्या अड्ड्यावर दहा वर्षांची मुलगी पहाटे पाणी आणते, धाकट्या भावाला सांभाळते, आई फडात असताना भाकरी थापते, वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधते. तिच्याकडे कर्तव्याचा तुटवडा नाही.

मुलं उद्धट होतात का, याचं माझं उत्तर असं: ती प्रश्न विचारायला लागतात. ज्या घरात प्रश्न विचारणं म्हणजेच उद्धटपणा असतो, तिथे त्रास होणार. आणि हक्क म्हणजे वागणुकीबद्दल मिळणारं बक्षीस नव्हे. वर्गातल्या सगळ्यात खोडकर पोरालाही मार न खाण्याचा हक्क तेवढाच आहे.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं सरपंच म्हणाले. काय सांगू?

संहिता १९८९ ची, आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब यांनी १९२३ मध्ये बालहक्कांचा मसुदा लिहिला, तो पुढच्या वर्षी राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) जिनिव्हात मान्य केला. पण आपल्याकडची गोष्ट त्याआधीची आहे, आणि सरपंचांना ती ऐकायला आवडेल.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सयाजीरावांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये अमरेलीला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यासाठी विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली.

वर्गासाठी मात्र मी रखमाबाईंची गोष्ट निवडेन. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, मग अपील झालं, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला काम केलं. मुलांना हे कोर्ट वर्गात उभं करायला द्या. वकील, न्यायाधीश, वर्तमानपत्रवाले, सगळे त्यांच्यातलेच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला (मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचं वय वाढवणारा कायदा) लोकमान्य टिळकांचा विरोध होता, हेही लपवू नका. मोठ्या माणसांचंही सगळंच बरोबर नसतं, हे पंधराव्या वर्षी कळलेलं बरं.

'मूल' म्हणजे कितव्या वर्षापर्यंत?

पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आणि बाल न्याय कायद्यात अठरा पूर्ण होईपर्यंत. शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा. बालमजुरीच्या कायद्यात चौदाच्या आतल्या मुलांना काम करायला बंदी, चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याच्या कामांची बंदी. लग्नाला मुलगी अठरा, मुलगा एकवीस. मुलं विचारतात, एवढा गोंधळ का? खरं उत्तर असं की हे कायदे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या रेट्याने झाले. चौदा ते अठरा ही मोठी फट राहून गेली आहे आणि नेमक्या तिथेच शाळा सुटते.

सत्र कधी घ्यावं? आम्ही बालदिनाला घेतो.

१४ नोव्हेंबरला फुगे लावा, भाषणं करा, पण ऊसतोडीच्या गावात त्या दिवशी ज्यांना हे कळायला हवं ती मुलं वर्गात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. मुकादमाशी (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराशी) बोलणी झाली की मूल जाणार की राहणार हेही जवळपास ठरून जातं. म्हणून सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या.

त्या सत्राचं काम साधं आहे: वर्गातली कोण कोण जाणार, याची यादी मुलांनीच करायची. ती कुणाच्या घरची लाज म्हणून नव्हे, तर शाळेला पुरावा म्हणून. आईवडील गेले तरी मूल गावात आजी-आजोबांकडे राहून शिकू शकावं, त्याच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण शाळेकडून प्रस्ताव वेळेत गेला तरच ती उपयोगाची. आणि ज्याला जावंच लागतंय त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड हवं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेता येतं. हे कार्ड न मागता मिळतंच असं नाही. मागायला शिकवा.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो आठवीतली मुलगीच विचारते: "मला गावात ठेवलं, पण आजीला नीट दिसत नाही, रात्री मी कुणाच्या भरवशावर राहू?" याचं उत्तर संहितेत मिळत नाही. ते आजूबाजूच्या दोन घरांशी, अंगणवाडी ताईंशी, शाळेतल्या बाईंशी बोलून शोधावं लागतं. 'मुलगी मागे कशी ठेवायची' या एका काळजीतून किती लग्नं लवकर उरकली जातात, ते त्या गावांत कुणालाही विचारा.

बालविवाहाबद्दल बोलताना काय टाळावं?

"तुझे आईवडील तुरुंगात जातील" हे वाक्य. ते ऐकून मुलगी फोन करण्याऐवजी गप्प बसते. कायदा काय सांगतो ते नीट क्रमाने सांगा. २००६ च्या कायद्यात लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात सामील होणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण अजून लागलं नाही ते लग्न थांबवणं हाच पहिला मार्ग आहे. न्यायदंडाधिकारी मनाईहुकूम देऊ शकतात, आणि तो धुडकावून लग्न लावलं तर ते मुळातच रद्दबातल ठरतं.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). मुलांना हे माहीत नसतं. कधी कधी ग्रामसेवकांच्याही ते लक्षात नसतं. त्यांना सत्राला बोलवा आणि मुलांसमोर त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

लग्न होऊन गेलं असेल तर? मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून घेण्यासाठी कोर्टात जाऊ शकते. हे सांगाच, कारण ज्या वर्गात तुम्ही बोलताय तिथे एखादीचं लग्न झालेलंही असू शकतं.

१०९८ म्हणजे नेमकं काय? फोन केला की पोलीस येतात का?

मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून ही हेल्पलाइन सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसाठी. 'दहा-नऊ-आठ' असा तो नंबर पाठ होतो. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे आणि आणीबाणीच्या ११२ शी जोडलेली आहे. फोन फुकट, चोवीस तास. मूल स्वतः करू शकतं, मैत्रीण करू शकते, शेजारी करू शकतो. पोलीस दरवेळी येत नाहीत. धोका काय आहे त्यावर ते ठरतं.

बंद मोबाइल घेऊन वर्गात नाटक करा. एकीने फोन करायचा, दुसऱ्याने पलीकडून विचारायचं: कुठे आहेस, वय किती, आत्ता सुरक्षित आहेस का, जवळ कोण आहे. गावाचं नाव, तालुका, जवळची खूण एका दमात सांगता यायला हवी. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. गंमत म्हणून खरा फोन लावू नका.

एखाद्या मुलाला संरक्षणाची गरज आहे असं दिसलं, तर त्याला चोवीस तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेतात. ही समिती पाच जणांची असते: एक अध्यक्ष, चार सदस्य. मुलाचं म्हणणं तिथे ऐकून घेतलंच पाहिजे.

सत्रानंतर एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर?

सत्र सुरू होण्याआधीच सर्वांना सांगून ठेवा: "तुम्ही सांगितलेलं मी गावभर करणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करत असेल तर मला ते पुढे कळवावंच लागेल." नंतर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याची सक्ती आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलाने स्वतः कळवलं नाही तर मात्र त्याला शिक्षा नाही.

ऐकून घ्या. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" विचारू नका, तपशील खोदू नका, घडलेलं दोनदा सांगायला लावू नका. तपास करणं तुमचं काम नाही. तिला पुढे काय होणार ते सांगा: जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, तेव्हा गणवेश नसतो. रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. नाव, फोटो, शाळा, काहीही छापता येत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, हे शिक्षकांनाही बजावा.

हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. मुलगे कमी बोलतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवा.

शाळेत छडी चालते. मी त्याच शाळेत हक्क कसे शिकवू?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, 'ढ' म्हणणं, सगळं त्यात आलं. गोव्यात तर २००३ च्या गोवा बाल कायद्यानेच शाळांतली मारहाण बंद केली होती. मुख्याध्यापकांशी आधी बोला. ते नाहीच म्हणाले तर सत्र शाळेबाहेर, वाचनालयात किंवा समाजमंदिरात घ्या. छडी टेबलावर ठेवून हा तास घेता येत नाही.

शेतात आईबाबांना मदत केली तर ती बालमजुरी का?

२०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्या धंद्यांत कामाला बंदी आहे. दोन सवलती आहेत. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत, तीही धोक्याच्या कामात नाही, आणि करमणुकीच्या क्षेत्रात कलाकार म्हणून काम, अटींसह. पहिली सवलत मला पटत नाही. घरच्या नावाखाली बरंच काही खपतं. पण वर्गात मत लादू नका, तासांचा हिशेब मांडायला द्या. काल शाळेनंतर झोपेपर्यंत कुणी किती तास काम केलं, अभ्यासाला, खेळायला किती उरले? मुलगे आणि मुली असे दोन रकाने करा. त्यापुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

बालसभा घेतो, पण नेहमीची चार हुशार मुलंच बोलतात.

कारण सभेच्या हातात काही नसतं. तिला एक खरी गोष्ट द्या: मुलींच्या शौचालयाला पाणी, पोषण आहाराची वेळ, किंवा गणिताने गिळलेला खेळाचा तास (खेळ आणि विश्रांती संहितेच्या कलम ३१ मध्ये आहे, पीटीच्या तासाला फळ्यावर समीकरणं मांडणाऱ्यांना दाखवा). बोलायच्या आधी सगळ्यांनी लिहायचं, मग चिठ्ठी उचलून वाचायची. तक्रारपेटी असेल तर ती कोण उघडतं ते पाहा. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, पेटी तिच्यासमोर उघडली जावी. जिच्या किल्लीचा पत्ता नाही, त्या पेटीत कुणी चिठ्ठी टाकत नाही.

मुलांनी अर्ज दिला, पण काहीच झालं नाही. आता?

पहिला प्रश्न: पोच घेतली का? अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. हे मुलांना येत नाही आणि ऑफिसं त्याचाच फायदा घेतात. शिक्षण हक्काची तक्रार असेल तर ती लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे जाते, म्हणजे गावाकडे जिल्हा परिषदेकडे, आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. त्या तीन महिन्यांची शेवटची तारीख वर्गातल्या कॅलेंडरवर मुलांकडूनच गोल करून घ्या, आणि त्या दिवशी कोण विचारायला जाणार त्या दोघांची नावंही आजच लिहून ठेवा.